पाळणा हलत नाही, तेव्हा दोघांनी जावे



दर आठवड्याला या पानावर आपण खत, पाणी, बियाणे आणि कीड यांवर बोलतो. आजचा विषय घरातला आहे, आणि घरातच तो कुणी काढत नाही. मी शेतकी शिकलेला माणूस, डॉक्टर नव्हे. म्हणून लिहिण्याआधी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे दोन संध्याकाळी जाऊन बसलो, सिस्टरबाईंना विचारले, आणि मगच हे लिहायला घेतले. हे पान नवरा-बायकोने मिळून वाचावे. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही वाचून दाखवावे. लाजण्यासारखे यात काही नाही.

मागच्या महिन्यात ठिबक संचाच्या पाहणीसाठी एका वाडीवर गेलो होतो. पाहणी झाली, चहा आला. दावणीला एक संकरित गाय उभी होती. मालक म्हणाले, "साहेब, ही चौथ्यांदा उलटली बघा. दर एकवीस दिवसांनी माजावर येतीय, पण गाभण काही राहत नाही."

काय काय केले, असे मी विचारले. त्यांनी बोटांवर मोजून सांगितले. पशुवैद्यक दोनदा येऊन गेले. पिशवीत औषध सोडले. खनिज मिश्रण सुरू केले. आणि वाडीतल्या वळूकडे नेणे बंद केले. "त्या वळूतच खोट असंल, असं डॉक्टर म्हणाले," मालकांनी सांगितले.

तेवढ्यात सून कप न्यायला बाहेर आली आणि मान खाली घालून आत गेली. ती गेल्यावर मालकीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "गाईचं सोडा साहेब. लगीन होऊन पाच वर्सं झाली, हिचा पाळणा हलंना. दोन दवाखाने झाले, देवऋषी झाला, नवस झाला. आता पोराचं दुसरं बघावं म्हणतोय."

मी विचारले, "वहिनी, मुलाची तपासणी केली का?"

"त्याला काय धाड भरलीय? चांगला धडधाकट हाय की!"

मालक काही बोलले नाहीत. ते गाईकडे बघत राहिले.

मंडळी, माणसाची आणि जनावराची तुलना मला करायची नाही. तुलना करायची आहे ती आपल्याच दोन वागण्यांची. गाय उलटली तर वळूवर संशय घेण्याइतके आपण शहाणे आहोत. मग घरात पाळणा हलला नाही, की तेच शहाणपण कुठे जाते?

वळूचे असे असते. ट्रायकोमोनास नावाचा डोळ्यांना न दिसणारा जंतू त्याच्या अंगी असला, तरी वळूला त्याचा काही त्रास नसतो. तो खातो, पितो, डुरकतो. पण ज्या गाईला तो दाखवाल तिच्या पिशवीत जंतू जातो. मग गाय उलटते, नाही तर पहिल्या काही महिन्यांत गाभडते. म्हणूनच गोठीत रेतन तयार करणाऱ्या केंद्रांवर वळूंची या रोगासाठी ठरावीक काळाने तपासणी होते. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली सुरू केलेल्या 'बाएफ'ने कृत्रिम रेतन खेडोपाडी नेले, ते दूध वाढावे म्हणून. पण कृत्रिम रेतनाचा हाही एक फायदा आहेच, की एका रोगट वळूमुळे गावातल्या सगळ्या गाई नासत नाहीत.

गाईचा हा जंतू माणसाला लागत नाही. पण माणसात त्याचाच एक भाऊबंद आहे, आणि त्याच्या जोडीला आणखीही रोग आहेत. ते नवऱ्याकडून बायकोला आणि बायकोकडून नवऱ्याला संबंधातून लागतात. जुन्या माणसांना त्यातली दोन नावे ठाऊक असतील, गरमी आणि परमा. तिसरे नाव नवे वाटेल, क्लॅमिडिया. एचआयव्ही आणि कावीळ ब हेही संबंधातून लागतात. गरमी, परमा, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास हे चारही औषधाने पूर्ण बरे होतात. एचआयव्ही बरा होत नाही, पण रोजच्या गोळीने काबूत राहतो.

हे मी आजच का लिहितो, तेही सांगतो. माझी थोरली बहीण १९८० साली लग्न होऊन गेली. सहा वर्षांत मूल झाले नाही. मी दहावीत असताना दाजी तिला आमच्या दारात सोडून गेले, आणि त्याच वर्षी त्यांनी दुसरे केले. ताईला तीन ठिकाणी तपासले होते. दाजींना एकदाही नाही. पुढे त्यांच्या दुसऱ्या बायकोलाही मूल झाले नाही, तेव्हा ते खुद्द आमच्या आईनेच बोलून दाखवले. पण तोवर ताईच्या कपाळावर 'वांझ' हा शब्द बसला होता. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे. बारशाला ती स्वतःच जात नसे. रोग होता, का आणखी काही होते, हे आज कळायला मार्ग नाही, कारण त्या घरात कुणी दोघांना मिळून दवाखान्यात नेलेच नाही. एका तपासणीवाचून एका बाईचा जन्म गेला.

आता हे रोग काय करतात ते पाहू.

क्लॅमिडिया आणि परमा यांची खोडी अशी, की बाईच्या अंगात ते बहुधा मुकाट राहतात. पुरुषाला परमा झाला तर लघवीला जळजळ होते, पू येतो, म्हणून तो निदान कुठे तरी औषध शोधतो. क्लॅमिडिया मात्र पुष्कळदा पुरुषातही गुपचूप असतो. बाईला झाला तर कधी अंगावरून थोडे जास्त जाते, कधी ओटीपोट दुखते, कधी संबंधाच्या वेळी दुखते, आणि बऱ्याच जणींना काहीच होत नाही. अंगावरून थोडे पांढरे जाणे हे प्रत्येक बाईला असते, तो रोग नव्हे. पण रंग पिवळा-हिरवा झाला, घाण वास येऊ लागला, खाज सुटली, किंवा पाळी नसताना रक्त दिसले, तर दाखवायला हवे.

आपल्या बायका दाखवत नाहीत. 'बाईच्या जातीला हे असायचंच' असे म्हणून कंबरेला फडके बांधून खुरपायला जातात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार यांपैकी काही ना काही निघाले. हे सगळेच संबंधातून लागणारे रोग नव्हते, पण जननमार्गातल्या जंतुसंसर्गाचा वाटा त्यात निम्मा होता. शंभरातल्या ४५ जणींची तर काही तक्रारच नव्हती. आणि त्याआधी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका शंभरात फक्त ८ होत्या. तक्रार नाही म्हणजे रोग नाही असे नव्हे, हा धडा आपल्याच राज्यातल्या दोन खेड्यांनी दिला.

रोग मुकाट राहिला की तो वर चढतो. गर्भपिशवीच्या तोंडापासून पिशवीत, आणि पिशवीपासून दोन्ही बाजूंच्या गर्भनलिकांत. या नळ्या फार बारीक. बाईचे बीज त्यांतूनच पिशवीकडे येते. तिथे सूज येते, आणि सूज ओसरली तरी व्रण राहतो. नळी आतून चिकटते. दोन्ही नळ्या बंद झाल्या की दिवस राहणे जवळजवळ थांबते.

ठिबक वापरणाऱ्यांना हे लगेच समजेल. नळीत क्षार साचले तर ॲसिडची प्रक्रिया करून ते धुऊन काढता येतात. पण नळीच उन्हाने, आगीने चिकटून बसली, तर कितीही ॲसिड सोडा, पाणी पुढे जात नाही. औषधाने रोग जातो, पण चिकटलेली नळी औषधाने उघडत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची. करप्याचा पहिला डाग दिसताच केलेली फवारणी आणि सगळे पान जळल्यावर केलेली फवारणी, यांतला फरक तुम्हाला मी काय सांगावा?

नळी अर्धवट चिकटली तर दुसराच धोका. गर्भ पिशवीत न पोचता नळीतच रुजतो. तो तिथे वाढू शकत नाही, आणि नळी फुटली तर बाईच्या जिवावर बेतते. पाळी चुकलेली आहे आणि ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, जोराची कळ येते, चक्कर येते, थोडे रक्त जाते, असे झाले तर घरगुती काढा करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि मोठे रुग्णालय गाठा. तिथे तास मोजावे लागतात.

पुरुषालाही हे रोग सोडत नाहीत. वृषणाजवळच्या, वीर्य वाहून नेणाऱ्या नळ्यांना सूज येते, आणि उपचार झाला नाही तर तिथेही वाट बंद होऊ शकते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचे काही कारण असते, कधी एकटे, कधी बाईच्या कारणाबरोबर. अंगाने धडधाकट असणे, मर्दानी असणे आणि वीर्यात पुरेसे शुक्रजंतू असणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. वीर्याची तपासणी सगळ्या तपासण्यांत सोपी. सुई नाही, चिरणे नाही. तरी आपण आधी बाईला टेबलावर झोपवतो आणि पुरुषाची पाळी येतच नाही.

आता दिवस राहिल्यानंतरचे.

सगळ्यांत जपायचे ते गरमीला. या रोगात आधी न दुखणारी एक जखम होते, आणि काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माणसाला वाटते, गेले. पुढे अंगावर पुरळ येते, तेही जाते. रोग मात्र रक्तात राहतो, वर्षानुवर्षे राहतो. अशा बाईला दिवस राहिले की तो वारेतून बाळापर्यंत पोचतो. मग पोट पडते, मूल पोटातच दगावते, अपुऱ्या दिवसांचे आणि हलके जन्मते, किंवा रोग घेऊनच जन्माला येते. उपचार न झालेल्या गरमीत निम्म्याहून अधिक गरोदरपणांत असे काही ना काही घडते. 'हिची कूस जळकी', 'कुणी तरी केलंय' असे म्हणून आपण मोकळे होतो, आणि खरे कारण रक्ताच्या एका थेंबात सापडण्यासारखे असते.

या रोगावर पेनिसिलिन आजही रामबाण आहे. रोग नवा असेल तर बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटांचे एक इंजेक्शन पुरते. जुना असेल, किंवा कधीचा ते कळत नसेल, तर आठवड्याच्या अंतराने तीन द्यावी लागतात. ते बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी मिळाले पाहिजे, आणि जितके लवकर तितके बाळ सुरक्षित. म्हणून पाळी चुकली की पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा आणि रक्त तपासून घ्या. सातव्या महिन्यात माहेरी गेल्यावर बघू, हा हिशेब इथे चालत नाही.

परमा किंवा क्लॅमिडिया आईला असला, तर बाळ जन्मताना त्याच्या डोळ्यांना लागू शकतो. जन्मल्यापासून काही दिवसांत बाळाचे डोळे सुजले, पू येऊ लागला, तर काजळ किंवा दूध घालू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. परम्याचा पू बाळाची नजर घेऊ शकतो. क्लॅमिडिया, परमा, ट्रायकोमोनास यांच्यामुळे दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोकाही वाढतो.

एचआयव्हीचे नाव काढताच अजून लोक दचकतात. आईवर उपचार नसेल तर बाळाला लागण होण्याची शक्यता शंभरात १५ ते ४५ असते. आईने नियमाने गोळ्या घेतल्या आणि बाळालाही औषध मिळाले, तर ती शंभरात ५ पेक्षा खाली येते. भारतात या गोळ्या सरकारी केंद्रांवर २००४ सालापासून मोफत मिळतात. कावीळ ब असलेल्या आईच्या बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस टोचली पाहिजे. खरे तर ती प्रत्येकच बाळाला टोचायची असते. आपल्या बाळाला टोचली का, एवढे विचारून घ्या.

आता कुठे जायचे आणि काय करायचे?

१. लग्नाला वर्ष झाले, काही साधन वापरत नाही, तरी दिवस राहत नाहीत, तर दोघांनी मिळून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावे. बाईचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जावे.

२. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत या रोगांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असते. रक्ताच्या तपासणीसाठी आयसीटीसी केंद्र असते. तपासणी मोफत. तिथला समुपदेशक बंद दाराआड बोलतो. एचआयव्हीबाबत २०१७ सालच्या कायद्याने, काही अपवाद सोडता, तुमच्या संमतीवाचून कुणाला सांगता येत नाही. फोनवर विचारायचे असेल तर १०९७ या क्रमांकाला पैसे पडत नाहीत.

३. गरोदर बाईने दर महिन्याच्या ९ तारखेची तपासणी चुकवू नये. २०१६ सालापासून त्या दिवशी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. आपल्या आशाताईंना विचारा.

४. औषध दोघांनी घ्यायचे. एकाने घेतले आणि दुसऱ्याने नाही, तर ते एका वाफ्यातली हरळी खणून बांधावरची तशीच ठेवण्यासारखे आहे. दोघांचे औषध पूर्ण होऊन सात दिवस होईपर्यंत संबंध टाळावा.

५. मेडिकलमधून चार गोळ्या आणून अर्धवट खाऊ नका. एस.टी. स्टँडच्या भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातींच्या नादी लागू नका. तिथे पैसा जातो आणि वेळ जातो. पैसा पुन्हा मिळेल.

६. बाहेरून रोग घरात येऊ नये म्हणून निरोध आहे. पण मूल हवे असलेल्या जोडप्याला निरोध वापरून चालत नाही. म्हणून आधी तपासणी, मग पाळण्याचा विचार. पेरणीआधी बीजप्रक्रिया करतो, तसेच हे.

आणखी एक गोष्ट, आणि ती औषधाइतकीच महत्त्वाची. तपासणीत रोग निघाला तर घरात कोर्ट भरवू नका. हे रोग वर्षानुवर्षे अंगात मुकाट राहू शकतात. कुणाकडून, कधी आला, हे कागदावर लिहून येत नाही. आपली पोरे पोटासाठी बाहेर राहतात. कुणी ट्रकवर असतो, कुणी शहरात खोली करून. चूक घडली असेल तर ती आधी बायकोपाशी आणि डॉक्टरपाशी बोलावी. बोलण्याने मान खाली जाते ती चार दिवस. न बोलण्याने नळी चिकटते ती कायमची. आणि मूल नसणे म्हणजे असा रोग असलाच पाहिजे असेही नाही. गर्भनलिका क्षयरोगानेही बंद होतात, हार्मोनची कारणे असतात, गाठी असतात. म्हणून तर अंदाज नको, तपासणी हवी.

सासूबाईंना माझे हात जोडून सांगणे आहे. सुनेला देवऋष्याकडे न्यायला तुम्ही पुढे असता. तेवढ्याच हक्काने मुलाच्या हाताला धरून त्याला दवाखान्यात न्या. तुम्ही एक शब्द टाकलात तर तो जाईल. डॉक्टरने दहा वेळा सांगून तो जाणार नाही.

त्या वाडीवर मी हेच बोललो. मालकीणबाईंना राग आला असावा. त्या उठून आत गेल्या. पुढच्या पंधरवड्यात अनुदानाच्या एका कागदावर सही घ्यायला पुन्हा गेलो, तर दावणीपाशी त्या एकट्याच धार काढत होत्या. मला बघून म्हणाल्या, "मालक मळ्यात हाईत. आन ती दोघं तालुक्याला गेलीत, मोटारसायकलवर. मीच धाडली."

तपासणीत काय निघाले ते मी विचारले नाही, आणि विचारणारही नाही. ते त्या दोघांचे आहे. पाळणा हलेल की नाही, हेही मला ठाऊक नाही. पण दोघे एका गाडीवर बसून गेले, एवढे ऐकले आणि मला ताईची आठवण झाली.

असो. पुढच्या आठवड्यात पुन्हा आपल्या शेताच्या बांधावर भेटू.